एका प्रश्नाला ७२ सेकंद

घणसोलीहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्या घरी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. नवरा रबाळे एमआयडीसीत कंत्राटी कामाला. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीत. शाळेने स्कॉलरशिपच्या जादा तासांसाठी वीस मुलं निवडली, त्यात तिचं नाव नाही. वर्गाच्या बाईंचं म्हणणं, ‘हुशार आहे, पण फार हळू आहे आणि उलट प्रश्न विचारते.’ ताईंच्या एका गिऱ्हाईक बाईंचा भाचा अमेरिकेत फ्लोरिडाला सरकारी शाळेत आहे. तिथे अख्ख्या वर्गाची चाचणी झाली आणि तो ‘गिफ्टेड’, म्हणजे विशेष बुद्धिमान, ठरला. याच गिऱ्हाईक बाईंनी वाशीतलं एक ठिकाण सुचवलं आहे. तिथे बोटांचे ठसे घेऊन मुलांची बुद्धिमत्ता सांगतात, सहा हजार पडतात. ताईंचे प्रश्न दोन: पैसे भरू का? आणि आपल्याकडे सरकारी शाळेत अशी मुलं कुणी शोधतच नाही का?

ताई, नमस्कार.

आधी सहा हजारांचं सांगतो. भरू नका. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच ठरतात. त्यांच्यावरून गणित येईल की गाणं येईल हे कळतं, याला काडीचा शास्त्रीय आधार नाही. या ठशांच्या चाचणीला डीएमआयटी असं भारदस्त नाव दिलं आणि चाळीस पानांचा रंगीत अहवाल हातात ठेवला की पालकांना वाटतं, मशीनने सांगितलंय म्हणजे खरंच असणार. माझ्याकडे एकदा दोन भावांचे अहवाल आले होते. दोघांच्या अहवालात एक परिच्छेद शब्दशः सारखा होता. धाकट्याच्या अहवालात फक्त नाव बदललं होतं, आणि तेही एका जागी बदलायचं राहून गेलं होतं!

खरी बुद्धिमापन चाचणी वेगळी असते. मानसशास्त्रज्ञ मुलाला समोर बसवतो, एकेक प्रश्न विचारतो, ठोकळे रचायला देतो, मूल कसं विचार करतं ते पाहतो. या चाचण्यांची सुरुवात मजेशीर आहे. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी पहिली चाचणी केली ती हुशार मुलं निवडायला नाही, वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना मदत कुठे लागते हे कळावं म्हणून. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी अजूनही वापरात आहे. पण तिचे निकष कित्येक दशकं जुने आहेत, आणि जुन्या निकषांवर आजची मुलं मोजली की आकडा फुगून येतो. त्यामुळे कुणी ‘आयक्यू (बुद्ध्यांक) १४० आला’ म्हणून पेढे वाटले, तर मी आधी विचारतो की कुठल्या चाचणीवर.

तुमच्या मुलीला या चाचणीची आज गरज वाटत नाही. एकच गोष्ट मात्र तुम्हाला तपासायची आहे. तुम्ही लिहिलंय की लिहिताना तिची वेलांटी, जोडाक्षरं चुकतात. महिनाभर लक्ष ठेवा. तोंडी उत्तर बरोबर आणि तेच कागदावर चूक, असं वारंवार होतंय का? वाचताना ओळ सुटते का? फळ्यावरून उतरवून घ्यायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो का? तसं असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांसाठीचा विभाग बऱ्याच वर्षांपासून चालतो. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळ मिळतो. बुद्धी तल्लख आणि लेखन अडखळतं, अशी मुलं सर्वांत आधी नजरेतून सुटतात, कारण एक बाजू दुसरीला झाकते.

आता तुमचा दुसरा प्रश्न.

आपल्याकडे शोधतात. पण कुणाला शोधतात ते नीट पाहा. शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून चालू आहे, पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. कितीतरी वर्षं ती चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीवर आली आहे. म्हणजे तुमच्या मुलीचं हेच वर्ष. दोन पेपर. पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न, १५० गुण आणि ९० मिनिटं.

करा हिशोब. ९० मिनिटं म्हणजे ५,४०० सेकंद. एका प्रश्नाला ७२ सेकंद, त्यातच वाचायचं, सोडवायचं आणि उत्तरपत्रिकेतला गोल भरायचा. परीक्षेला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. लाखो मुलांचे पेपर तपासायचे तर दुसरं काय करणार? पण ही परीक्षा हुशारीसोबत चपळाईही मोजते, आणि ज्या मुलाने असे पन्नास पेपर आधी सोडवलेत त्याची चपळाई सहज दिसते. तुम्ही लिहिलंय, तुमची लेक एका गणिताशी अर्धा तास झटते. बाईंना ती हळू वाटली, त्यात बाईंची चूक म्हणता येणार नाही. त्यांच्या हातात जी फूटपट्टी दिली आहे, तिच्यावर ती हळूच आहे.

खरी गोम पुढे आहे. परीक्षा सर्वांना खुली असली तरी ती ऐच्छिक आहे, आणि अर्ज शाळेमार्फत जातो. निकालाची टक्केवारी चांगली दिसावी म्हणून अनेक शाळा आधीच चाळणी लावतात. म्हणजे राज्याच्या परीक्षेच्या आधी वर्गात एक परीक्षा होऊन जाते, तिची प्रश्नपत्रिका नसते आणि निकालही लागत नाही. मी स्वतः शिक्षक असताना तेच करायचो. अक्षर चांगलं, वही नीटनेटकी, हात वर करून बोलणारी मुलं उचलायचो. एका वर्षी मी वगळलेला एक मुलगा वडिलांनी भांडून बसवला, आणि माझ्या तुकडीतून तो एकटा गुणवत्ता यादीत आला. त्याचे वडील निकालाच्या दिवशी काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते हसू अजून आठवतं.

फ्लोरिडाची गोष्ट तुम्ही विचारलीत म्हणून सांगतो, कारण तिथेही हेच घडलं होतं. ब्रॉवर्ड नावाच्या मोठ्या काउंटीत पूर्वी शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचवलं तरच मुलाची चाचणी व्हायची. गिफ्टेडसाठी आयक्यू १३० लागायचा, गरीब आणि इंग्रजी घरची भाषा नसलेल्या मुलांसाठी ११६. म्हणजे सवलत होती, तरी गरीब मुलं यायची नाहीत, कारण त्यांची नावंच कुणी सुचवायचं नाही. २००५ पासून त्यांनी दुसरीतल्या प्रत्येक मुलाची प्राथमिक चाचणी सुरू केली. गरीब घरच्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या एकदम वाढली. मुलं तीच होती, फक्त आता सर्वांकडे पाहिलं जात होतं. पुढे मंदीत पैशाची चणचण आली, सरसकट चाचणी थांबली आणि आकडे पुन्हा खाली आले. कार्ड आणि ज्युलियानो या अर्थतज्ज्ञांनी याचा तपशीलवार अभ्यास केला आहे. त्यामुळे गिऱ्हाईक बाईंच्या भाच्याचा हेवा करायचाच असेल तर त्याच्या ‘गिफ्टेड’ शिक्क्याचा करू नका. अख्ख्या वर्गाला बसवलं, त्याचा करा.

शिक्क्याबद्दल अमेरिकेतलीच आणखी एक गंमत. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियातली अतिबुद्धिमान मुलं चाचणी घेऊन निवडली आणि आयुष्यभर त्यांचा पाठपुरावा केला. त्या चाळणीतून विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं गळली. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ साली, दुसऱ्याला १९६८ साली.

आणि आपल्या दारातलं उदाहरण द्यायचं तर वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. डॉ. वि. गो. कुलकर्णी तिथे संचालक होते तेव्हा, १९८० च्या दशकात, या केंद्राने मुंबई महापालिकेच्या शाळांमधल्या अनुसूचित जातींच्या मुलांसोबत काम केलं. मुलं विज्ञानात मागे का पडतात हे शोधताना एक मोठा अडसर सापडला तो पुस्तकी भाषेचा. भाषा सोपी केली, मुलांना बोलतं केलं, आणि निकाल सुधारले. आधी शोधा आणि मग खतपाणी घाला, हा नेहमीचा क्रम. इथे खतपाणी घातल्यावर प्रज्ञा दिसायला लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष कल असलेल्या मुलांसाठी विषयवार मंडळं आणि प्रकल्प सुचवले आहेत. तुमच्या शाळेत असं मंडळ निघेपर्यंत लेक कॉलेजात गेलेली असेल, म्हणून आपण आपलं बघू.

मुख्याध्यापकांना भेटा, अर्जाची मुदत संपायच्या आत. ‘जादा तासांना जागा नसेल तर नसू दे, पण फॉर्म भरून घ्या,’ एवढंच म्हणा. बाईंविरुद्ध तक्रार नको, पुढचं वर्षभर मुलगी त्यांच्याच वर्गात बसणार आहे. घरी आठवड्यातून एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवू दे. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं, ही तिला शिकायची एकमेव युक्ती. बाकी सहा दिवस तिला अर्धा तास झटू दे, ती सवय मोडायची नाही. नंबर लागला तर उत्तम, नाही लागला तर तिच्या डोक्याबद्दल त्याने काही सिद्ध होत नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. निकालानंतर सांगितलं तर ती समजूत वाटते.

तुमच्या घरासाठी याहून महत्त्वाची परीक्षा पुढच्या वर्षी आहे: आठवीतली एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा. महापालिकेच्या शाळा त्यात येतात, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये थेट बँक खात्यात. तिथेही घाई आहेच, दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. पण एक अट आत्ताची आहे: सातवीच्या वार्षिक निकालात ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५०. शुद्धलेखनात गुण जात असतील तर या वर्षी तिकडे लक्ष द्या. उत्पन्नाचा दाखला ठाण्याच्या तहसील कार्यालयातून काढावा लागेल, घणसोली ठाणे तालुक्यात येते. ऐन वेळी धावपळ नको, मे महिन्यातच काढून ठेवा. गिऱ्हाईक बाईंनी सांगितलेली एनटीएसई, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, मात्र सोडून द्या. १९६३ पासून चाललेली ती परीक्षा २०२१ नंतर झालेलीच नाही.

नववीत गेल्यावर डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहे. मला ती तुमच्या मुलीसाठी मनापासून आवडेल, कारण लेखीच्या पुढे तिथे प्रात्यक्षिक असतं आणि नंतर प्रकल्प. हाताने करून दाखवायचं असतं.

हे हाताचं मी उगाच म्हणत नाही. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की अस्तराचं कापड कमी पडत होतं, तेव्हा तिने वर्तमानपत्राचे तुकडे कापून, बाह्या उलट्या फिरवून बेतून दाखवलं आणि ब्लाउज त्यातच बसला. ‘अभ्यास सोडून हे करते’ अशी तुमची तक्रार आहे. ताई, आकृत्या मनातल्या मनात फिरवून बघणं ही बुद्धिमत्तेच्या पेपरातली एक मोठी बाब आहे, आणि तुमची मुलगी ती कापडावर करते. तिला बेतू द्या.

शेवटी तुम्ही पत्रात लिहिलेला तो वादाचा प्रश्न. २, ४, ८, पुढे काय? उत्तरसूचीत १६, मुलीने लिहिलं १४, बाईंनी चूक दिली. तिचं म्हणणं की फरक २ आहे, मग ४, म्हणून पुढचा ६. तिचा नियमही पक्का आहे. परीक्षेला मात्र प्रश्नकर्त्याच्या मनातलं उत्तर हवं असतं, म्हणून तिथे पर्याय बघून १६ लिही असं तिला सांगा. आणि घरी तिला तुमच्या बांगड्या द्या. कोऱ्या कागदावर एक बांगडी ठेवून पेन्सिलीने गोल काढला की कागदाचे दोन भाग होतात, आतला आणि बाहेरचा. दुसरा गोल पहिल्याला छेदून काढला की चार. तिसरा दोघांनाही छेदून, तिघे एकाच बिंदूत मिळणार नाहीत असा काढला की आठ. चौथी बांगडी तिला हवी तशी फिरवू दे, जास्तीत जास्त किती भाग होतात ते मोजू दे, आणि आकडा मला कळवा. सोळा येणार नाहीत.