उभयचर म्हणजे कोणते प्राणी? भारतात बेडकांशिवाय दुसरे उभयचर आढळतात का?

आढळतात, आणि त्यांपैकी एक आमच्या काकांनी माझ्यादेखत कुदळीने मारला, म्हणूनच हे उत्तर लिहीत आहे.

जगातील ८,००० हून अधिक उभयचरांपैकी बहुतेक सगळे बेडूक आणि भेक (टोड) आहेत. शेपटीवाले सॅलॅमँडर आपल्याकडे दार्जिलिंग आणि ईशान्य भारताच्या बाजूलाच दिसतात. तिसरा गट देवगांडुळांचा. त्यांना पायच नसतात, आणि सह्याद्री हे त्यांचे हक्काचे घर आहे.

मी सातवीत असताना, ऐन जुलैमध्ये, सिंधुदुर्गातील आमच्या घरामागचा शेणखताचा ढीग उपसताना हातभर लांबीचा, जांभळट-करडा, ओलसर प्राणी बाहेर आला. ‘दुतोंड्या आहे, चावला तर माणूस उठायचा नाही’, असे म्हणत काकांनी त्याचे दोन तुकडे केले. अंगभर गांडुळासारखी वलये, बुळबुळीत कातडी, डोळे जेमतेम जाणवणारे. हा साप नव्हे असे मी तेव्हाही म्हणालो, तर ‘पाय नाहीत म्हणजे सापच’ हे उत्तर मिळाले आणि ते आजतागायत बदललेले नाही. २००३ मध्ये आंबोलीतून देवगांडुळाच्या एका नव्या जातीचे वर्णन झाले आणि तिला निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांचे नाव देण्यात आले, हेही मी काकांना सांगून पाहिले.

‘पाण्यात आणि जमिनीवर राहतो तो उभयचर’ ही पाठ केलेली व्याख्या मला अपुरी वाटते, कारण काही देवगांडुळे पाण्यात न उतरताच आयुष्य काढतात. पाणी शोषणारी आणि श्वसनाला मदत करणारी पातळ, ओलसर त्वचा ही उभयचराची खरी खूण आहे, आणि त्यामुळेच कोरड्या उन्हात टाकलेले देवगांडूळ लवकर मरते. काही जातींची मादी ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांची राखण करते. अशा प्राण्यावर कुदळ घालणे हे निव्वळ अज्ञान आहे.

ओळख पटत नसेल तर मात्र हात लावू नका, फावड्याभर ओल्या मातीसकट बाजूला ठेवा. ‘खवले नाहीत, म्हणून साप नाही’ हा माझा जुना युक्तिवादही पूर्ण बरोबर नव्हता, कारण अनेक देवगांडुळांच्या वलयांच्या खाचांत बारीक खवले दडलेले असतात. पण त्याने काकांचे म्हणणे खरे ठरत नाही: सापाचे, अगदी गांडुळासारख्या दिसणाऱ्या बारीक वाळा सापाचेसुद्धा, खवले अंगावर उघडे असतात, आणि त्या दिवशीच्या प्राण्याच्या अंगावर तसा एकही नव्हता.