पंधरा वर्षांच्या मुलाची बाल न्याय मंडळात तारीख आहे, तोवर त्याचं मन कसं सांभाळायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मोबाइलचोरीच्या प्रकरणात मुलाला जामीन मिळालाय, तीन आठवड्यांनी मुंबईत डोंगरीला तारीख आहे, आणि तेव्हापासून तो नीट झोपत नाही, शाळेचं नाव काढलं की दार लावून घेतो.

पुढे आपलं काय होणार हेच कळत नसल्यामुळे मुलं सर्वांत जास्त खचतात. सिनेमातलं कोर्ट त्याच्या डोळ्यांसमोर असणार. म्हणून आधी त्याला खरं चित्र सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांत एक तरी महिला. नियमानुसार तिथे उंच व्यासपीठ नसतं, साक्षीदाराचा पिंजराही नसतो. मुलाला बेड्या घालता येत नाहीत. पहिल्यांदा हजर केलं त्या दिवसापासून 4 महिन्यांत चौकशी संपवायची असते, फार तर आणखी 2 महिने. ज्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंतच शिक्षा आहे (साधी चोरी त्यातच येते) त्याची चौकशी एवढ्यातही पुरी झाली नाही, तर प्रकरण बंद होतं. या तारखा त्याच्याच हाताने कॅलेंडरवर लिहून घ्या. दोष सिद्ध झाला तरी त्याच्या वयाच्या मुलाला तुरुंगात पाठवत नाहीत, आणि 2015 च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम 24 मुळे पुढे नोकरीसाठी तो अपात्रही ठरत नाही. हे त्याला एकदा सांगून भागणार नाही, पुन्हा पुन्हा सांगा.

परिवीक्षा अधिकारी (मुलाची परिस्थिती पाहून मंडळाला कळवणारे) सामाजिक तपासणी अहवालासाठी घरची माहिती घेतील. इथे बरेच पालक चुकतात. मुलाला नावं ठेवतील या भीतीने "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळे होतात. मग झोप उडाल्याचं, शाळा सुटल्याचं अहवालात येतच नाही आणि मंडळाला समुपदेशनाची गरज दिसत नाही. तुम्ही जे मला लिहिलंत तेच त्यांनाही सांगा आणि समुपदेशन स्पष्ट शब्दांत मागा. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत, मुलासमोर विचारा: यातलं अहवालात काय जाईल, आणि काय तुमच्या दोघांतच राहील? हे कळल्याशिवाय मूल मनातलं बोलत नाही.

घरात "का केलंस?" हा प्रश्न आता थांबवा. मामा, काका, शेजारी, प्रत्येकापुढे तीच हकिगत सांगताना त्याला तो प्रसंग पुन्हा भोगावा लागतो. घडलेलं तो वकिलाला सांगेल. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अवाक्षर नको. याच कायद्याच्या कलम 74 नुसार त्याची ओळख उघड होईल असं काही छापता येत नाही.

तारखेच्या दिवशी नाव पुकारेपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो. डबा, पाणी घ्या, आणि बरोबर एकच माणूस ठेवा, ज्याच्याजवळ तो शांत बसू शकतो.

मात्र "मी नसलो तर बरं होईल" असं काही तो बोलला, स्वतःला इजा केली किंवा जेवण सोडलं, तर तारखेची वाट पाहू नका. त्याला एकटं ठेवू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. त्याच दिवशी केईएम, सायन किंवा नायरला मानसोपचार विभागात न्या, रात्र असेल तर सरळ अपघात विभागात. केसपेपर जपून ठेवा आणि आधी वकिलाला दाखवा. त्यातलं मंडळापुढे किती न्यायचं ते तुम्ही, मुलगा आणि वकील मिळून ठरवा.