शिकवू की हॉस्पिटल सांभाळू?

(या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं घेतली आहेत. उत्तरं देणाऱ्या डॉक्टर मेडिसिनच्या निवृत्त प्राध्यापक असून कोल्हापुरात राहतात.)

प्रश्न : मी एमडी मेडिसिन आहे. सिनियर रेसिडेन्सी (एमडीनंतरची वॉर्डातली नोकरी) संपत आली आहे. आई-बाबांचं गडहिंग्लजला छोटं हॉस्पिटल आहे आणि त्यांनी माझ्या नावाची पाटीसुद्धा रंगवायला टाकली आहे. मला मात्र शिकवायला आवडतं. असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठी अर्ज करावा असं मनात आहे. बाबा म्हणतात, "ज्यांची प्रॅक्टिस चालत नाही, ते मास्तर होतात." सिनियर्स म्हणतात, पगारात घर चालतं, बंगला होत नाही. काय करू? – एक डॉक्टर, गडहिंग्लज

उत्तर : पाटी रंगवायला टाकली म्हणजे प्रकरण बरंच पुढं गेलंय! आधी बाबांच्या वाक्याचं बघू. त्यांना एकदा कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात, मेडिसिनच्या वॉर्डातून चक्कर मारून आण. सिंधुदुर्गातून, निपाणीकडून, गगनबावड्याच्या वाडीवस्तीवरून सगळीकडे फिरून, पैसे संपवून आलेला पेशंट शेवटी तिथं दाखल होतो. ज्याला प्रॅक्टिस जमत नाही, त्याला तो पेशंट एक रात्रही झेपायचा नाही.

पैशाचं सिनियर्स खरं सांगतात. फरक मोठा आहे आणि वर्षागणिक वाढतो. सरकारी अध्यापकाला व्यवसायरोध भत्ता मिळतो, त्याच्या बदल्यात खासगी प्रॅक्टिस करायची नसते. तुझ्याबरोबरचे राजारामपुरीत कन्सल्टंट म्हणून बसतील, त्यांच्या गाड्या बदलतील, तू बघत राहशील. याचा त्रास होणार असेल तर तो आत्ताच मान्य कर, चाळिशीत नको.

पण माझ्या डोळ्यांदेखत जे सोडून गेले, त्यांतलं कुणी पगाराचा आकडा नव्यानं कळला म्हणून गेलं नाही. आकडा पहिल्या दिवशीच ठाऊक असतो. ते गेले, कारण शिकवायला म्हणून आले आणि शिकवणंच हातून निसटत गेलं. सकाळची ओपीडी दीड-दोनपर्यंत लांबते. मग राउंड, कॅज्युअल्टीचे कॉल, कोर्टाचं समन्स, जनआरोग्य योजनेच्या फाइली, दाखल्यांवरच्या सह्या. 2019 पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. कल्पना चांगली, विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून पेशंटजवळ न्यायचं. पण त्याच्या मागून लॉगबुकं, म्हणजे कोण काय शिकलं याच्या नोंदवह्या, आली. दीडशे पोरांच्या लॉगबुकांवर सह्या करताना मी कितीदा तरी म्हटलंय, एवढ्या वेळात चार जणांना प्लीहा चाचपायला शिकवली असती.

आणि ती तपासणी! एका कॉलेजला मान्यतेसाठी मेडिकल कौन्सिलची (आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) टीम येणार म्हटलं की दुसऱ्या कॉलेजातल्या अध्यापकांच्या हातात रातोरात प्रतिनियुक्तीची ऑर्डर. मीही अशी गेलेय. अनोळखी विभागात खुर्चीवर बसायचं, टीमला तोंड दाखवायचं, परत यायचं. इकडं आमच्या वॉर्डातली क्लिनिक्स, म्हणजे पेशंटजवळ उभं राहून शिकवायचे तास, बंद. आता आधारला जोडलेली चेहऱ्यानं हजेरी आलीय, त्यामुळे नुसतं तोंड दाखवून भागत नाही. पण हजेरी लागली म्हणजे शिकवून झालं, असं मात्र नाही हं. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांनी उमेदीची वर्षं 120 दिवसांच्या तात्पुरत्या ऑर्डरींवर काढली. ऑर्डर संपली की खंड, मग नवी ऑर्डर. अशा माणसाला तू संशोधन कर, विद्यार्थी घडव, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तरी मी टिकले. का, ते एका पेशंटवरून सांगते.

पावसाळ्यात, भात लावणीच्या दिवसांत, पन्हाळ्याकडची एक बाई साप चावून आली. पायाला सूज, हिरडीतून रक्त झिरपतंय. इंटर्न लॅबचा फॉर्म भरत होता. त्याला म्हटलं, फॉर्म जाऊ दे लॅबला, तू स्वच्छ, कोरडी, काचेची नवी ट्यूब आण. त्यात दोन मिली रक्त घेतलं, ट्यूब स्टँडमध्ये उभी केली आणि सांगितलं, 20 मिनिटं कुणी हात लावायचा नाही. भोवती सगळी पोरं. एकाचा हात दर मिनिटाला पुढं येत होता, हलवून बघायला. वीस मिनिटांनी ट्यूब आडवी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गुठळीचा पत्ता नाही. घोणशीचं विष रक्तातले गोठण्याचे घटक खाऊन टाकतं, ते पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं होतं. त्या दिवशी ते डोळ्यांसमोर वाहिलं. अँटिव्हेनम आधीच हातात होतं, ते लगेच सुरू झालं. बाई चालत घरी गेली.

पुढं तोच पोरगा शाहूवाडीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी सेवेच्या बाँडवर लागला. एका रात्री फोन. "मॅडम, इथं काचेची ट्यूबच नाही. प्लॅस्टिकची चालेल का?" म्हटलं, नाही चालत, काचेला लागून रक्त गोठायला सुरुवात होते, प्लॅस्टिकवर तसं होत नाही. काचेची शोध. त्यानं शोधली. गडहिंग्लजला बसून तू हजारो पेशंट बरे करशील, त्यांचे आशीर्वादही मिळतील. हा फोन मात्र तिथं येणार नाही.

संशोधन करता येईल म्हणून कॉलेजात राहायचं असेल, तर थांब. त्यासाठी कॉलेजच लागतं असं नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला तो कोकणातल्या पेशंटवर, आणि 1980 च्या दशकात ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उलट कॉलेजात बढतीसाठी पेपर लागतात. असिस्टंटचे असोसिएट व्हायला चार वर्षं, दोन पेपर, शिवाय वैद्यकीय शिक्षणाचा आणि संशोधनाचा असे दोन मूलभूत कोर्स. तिथून प्रोफेसर व्हायला आणखी तीन वर्षं. बढतीसाठी लिहिलेले पेपर वाचायची पाळी माझ्यावर बऱ्याचदा आली. त्याबद्दल इथं जास्त न लिहिलेलं बरं.

माझं मत विचारशील तर अर्ज कर. पण आधी त्या विभागात जाऊन चौकशी कर, आणि ती विभागप्रमुखांकडं नको, रेसिडेंट्सकडं कर. क्लिनिक खरंच होतं का, कोण घेतं, युनिटमधल्या किती जागा भरलेल्या आहेत, जागा एमपीएससीची की कराराची. रेसिडेंट खोटं बोलत नाही; त्याच्यात तेवढी ताकदच उरलेली नसते. आणि "नोकरी करते, पण रविवारी गडहिंग्लजला बसते" असं बाबांना कबूल करून बसू नकोस. सरकारी जागेवर ते चालत नाही. खासगी कॉलेजात वेळेनंतरच्या प्रॅक्टिसला मुभा देतात म्हणे, तर ते नेमणूकपत्रात लिहून घे.

पाटीचं काय, रंग वाळायला वेळ लागतोच.

प्रश्न : मुलाला एमडीला फिजिऑलॉजी (शरीरक्रियाशास्त्र) मिळतंय. तो घ्यायचं म्हणतोय. पाहुणे हसतात की दवाखाना टाकता येत नाही, मग डॉक्टर कसला? त्याला वर्षभर थांबवून नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा पुन्हा द्यायला लावावी का? – एक वडील, कागल

उत्तर : तुमच्या पत्रात मुलापेक्षा पाहुण्यांचंच म्हणणं जास्त आलंय. त्याला विचारा, पेशंटला हात न लावता आयुष्यभर राहवेल का? राहवेल म्हणाला तर घेऊ द्या. रात्रीचे कॉल नाहीत, अभ्यासाला वेळ मिळतो, चांगलं शिकवणारा फिजिऑलॉजीचा मास्तर पोरं कधी विसरत नाहीत. या विषयांकडं ओढा कमी आहे हे खरं. 2023 मध्ये जागा भरेनात म्हणून नीट-पीजीचा कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणावा लागला होता, आणि रिकाम्या राहणाऱ्या जागांत असल्या विषयांचा वाटा मोठा असतो. अडचण एकच : पोट मुख्यतः कॉलेजच्या नोकरीवरच. जिथं जागा निघेल तिथं जावं लागेल, कोल्हापूर सोडायची तयारी हवी. नाइलाजानं घेत असेल तर मात्र घेऊ देऊ नका. नाइलाजानं शिकवणाऱ्याचा त्रास त्याच्यापेक्षा वर्गाला जास्त होतो.

प्रश्न : मी शाहूपुरीत सर्जन आहे. पन्नाशी ओलांडली, मुलं मार्गी लागली. आता थोडं शिकवावं असं वाटतं. पूर्णवेळ नोकरी शक्य नाही. काही मार्ग आहे का? – एक सर्जन, कोल्हापूर

उत्तर : आहे की. आमच्या आधीच्या पिढीत मोठमोठे खासगी सर्जन मानद म्हणून सरकारी दवाखान्यात यायचे, सकाळी तिथं ऑपरेशनं करायचे, शिकवायचे, दुपारनंतर आपल्या नर्सिंग होममध्ये. ती पद्धत मागं पडली. तुमच्यासाठी जवळचा रस्ता डीएनबीचा, म्हणजे नॅशनल बोर्डाच्या पदव्युत्तर पदवीचा. नॅशनल बोर्डाची मान्यता असलेल्या खासगी हॉस्पिटलात पदव्युत्तर विद्यार्थी असतात आणि त्यांना तिथले कन्सल्टंटच शिकवतात. तुम्ही जिथं केसेस करता, तिथं मान्यता आहे का बघा. नसेल तर मिळवता येते. खाटा, पेशंटची संख्या आणि कन्सल्टंटचा अनुभव यांच्या अटी आहेत. पण एवढ्या कागदपत्रांचा उरक असलेला माणूस हॉस्पिटलात असायला हवा. तुम्ही सर्जन आहात, तुमच्याच्यानं ते व्हायचं नाही, कुणाला तरी नेमा.

ते जमेपर्यंत तुमच्या थिएटरमधल्या सिस्टर्सपासून सुरुवात करा. पोट फुगलेला पेशंट रात्री कधी कळवायचा आणि सकाळपर्यंत कधी थांबायचं, हे त्यांना पंधरवड्यातून एकदा तासभर, केस समोर ठेवून शिकवा. आणि त्या दिवशी सकाळी ऑपरेशनची लिस्ट लावू नका. हर्निया लांबला की पहिला बळी शिकवण्याच्या तासाचा जातो.