अपहरण झालं तर विमान आपोआप उतरेल अशी यंत्रणा का बसवत नाहीत?

मी विमानक्षेत्रातला नाही. चाकणला गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतो आणि राहतो विमाननगरला, लोहगावची विमानं डोक्यावरून जातात, एवढाच संबंध. पण तुमचा प्रश्न म्हणजे आमचं रोजचं भांडण आहे: शेवटचा शब्द कोणाचा, माणसाचा की यंत्राचा?

कल्पना जुनीच. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर बोइंगने २००३ मध्ये अशाच यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला, २००६ मध्ये ते मिळालंही. वैमानिकाने बटण दाबलं, जमिनीवरून संदेश आला किंवा कॉकपिटच्या दारावर ठराविक मर्यादेपलीकडे जोर पडला, की यंत्रणा ताबा घेणार. तिची वीजसुद्धा विमानातल्या कोणाला तोडता येऊ नये अशी.

इथे माझ्यातला टेस्टर जागा होतो. दारावरचा सेन्सरच बिघडला तर? अपहरणकर्ता नाही, काही नाही, आणि दोन्ही वैमानिक हातावर हात ठेवून बसलेत. बोइंगच्याच ७३७ मॅक्स विमानांमध्ये एकाच सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विसंबून सॉफ्टवेअर विमानाचं नाक खाली दाबत राहिलं. दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. आणि तिथे तर ते तोडायचा स्विच होता! जमिनीवरून ताबा म्हणाल, तर ती किल्ली चोरणाऱ्याला विमानात चढायचीही गरज नाही.

तुमच्या बाजूचा भक्कम दाखला मीच देतो. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने, कॅप्टन बाहेर गेल्यावर, दार आतून लावून घेतलं आणि विमान आल्प्सवर आदळवलं. १५० मृत्यू. अपहरणकर्त्यांसाठी मजबूत केलेलं दार कॅप्टनलाच उघडेना. तिथे जमिनीवरून ताबा घेता आला असता तर? याला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

पण आपलं अपहरण झालेलं विमान, आयसी ८१४, आठवा. डिसेंबर १९९९ मध्ये ते अमृतसरला उतरलंच होतं की! पाऊण तासाच्या आसपास उभं होतं, मग लाहोर, दुबई, कंदाहार. अडचण उतरण्याची नव्हतीच, आत ओलीस होते.

छोट्या विमानांत २०२० पासून गार्मिनची ऑटोलँड आली आहे. वैमानिक बेशुद्ध पडला तर प्रवाशाने बटण दाबायचं, विमान स्वतः धावपट्टी निवडून उतरतं. वैमानिक शुद्धीवर आला तर तो ती बंद करू शकतो. माझ्या टेबलावर आली असती तर मी हिच्यावर सही केली असती, बोइंगवालीवर नाही.