बेल वाजवा, आत जा

गिरगावात आमचं फ्रेमचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, आता मी आणि मुलगा चालवतो. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, डिग्र्या, आजोबांचे हार घातलेले फोटो आणि अधूनमधून गॅलऱ्यांकडची चित्रं, असं सगळं आमच्या काउंटरवरून जातं. म्हणून संपादकांनी यंदा चित्रांबद्दलची पत्रं माझ्याकडे धाडली. बहुतेक पत्रं आर्ट मुंबई या नोव्हेंबरातल्या कलामेळ्याच्या आठवड्याबद्दल आहेत. मी समीक्षक नाही, तेव्हा उत्तरं फ्रेमवालीची समजून वाचा.

ताई, नोव्हेंबरात महालक्ष्मीला आर्ट मुंबई भरतं आणि त्याच आठवड्यात शहरभर प्रदर्शनं असतात असं ऐकलं. मी आणि मिस्टर, दोघांना मिळून एकच शनिवार मोकळा आहे. तिकीट काढून तिथेच दिवस घालवावा की बाहेरचं बघावं? (बदलापूर)

शनिवार मिळालाय हे फार बरं झालं. रविवारी फोर्ट-कुलाब्यातल्या बऱ्याच खासगी गॅलऱ्या एरवी बंद असतात.

आर्ट मुंबई २०२३ पासून रेसकोर्सवर भरतं. गुरुवार ते रविवार, त्यातला पहिला दिवस मुख्यतः आमंत्रितांचा. मोठाले वातानुकूलित तंबू, आत देशभरातल्या आणि थोड्या परदेशी गॅलऱ्यांचे गाळे, बाहेर हिरवळीवर शिल्पं. मी त्याला जत्राच म्हणते आणि त्यात हेटाळणी अजिबात नाही. जत्रेत जसा प्रत्येक जण आपला चांगला माल पुढे मांडतो तसंच इथेही. पण त्यामुळे एका गाळ्यात दहा चित्रकारांचं एकेक काम असतं. तिसऱ्या गाळ्यानंतर डोळ्यांना काही लागत नाही, हळदीकुंकवाला पाचव्या घरी गेल्यावर वाटली डाळ घशाखाली उतरत नाही तसं. आणि गंमत अशी की याच आठवड्यात त्यातल्या मुंबईच्या गॅलऱ्या आपापल्या जागेत एकेका चित्रकाराचं अख्खं प्रदर्शन लावतात. तिथे तिकीट नसतं.

तेव्हा माझं ऐकाल तर सकाळ काळा घोड्याला द्या. सीएसएमटीला उतरा, चालत पंधरा-वीस मिनिटं. अकराला जहांगीर आर्ट गॅलरी उघडते. १९५२ सालची ही वास्तू. दारावरचं ते लाटेसारखं पुढे आलेलं काँक्रीटचं छप्पर क्षणभर थांबून बघा, लोक त्याखाली फक्त पावसात थांबतात. आतली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात. चित्रकार स्वतः कोपऱ्यात वही उघडून बसलेला असतो. कित्येकांनी या एका आठवड्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघितलेली असते. शनिवारपर्यंत बिचारा कंटाळलेला असतो, दोन शब्द बोला. बाहेर फुटपाथवरही चित्रकार कामं मांडून बसतात, त्यांना ओलांडून जाऊ नका.

रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. हा पूर्वीचा सर कावसजी जहांगीर हॉल, १९९६ पासून संग्रहालय आहे. आत अर्धगोल मजले एकावर एक चढत जातात आणि शेवटी डोक्यावर घुमट येतो. गुडघे दुखत असतील तर जिने मोजून ठेवा. हे सोमवारी बंद असतं.

तिथून चालत फोर्टातल्या क्वीन्स मॅन्शनमध्ये जा, तिसऱ्या मजल्यावर केमोल्ड प्रेस्कॉट रोड ही गॅलरी आहे. इथे माझा थोडा स्वार्थ आहे. ‘केमोल्ड’ हे नाव मुळात फ्रेमच्या पट्ट्यांच्या धंद्यातलं, केमिकल मोल्डिंगवरून आलेलं. केकू गांधींनी १९४१ मध्ये पट्ट्या बनवायला सुरुवात केली आणि मग शोरूममध्ये त्या काळच्या नव्या चित्रकारांची चित्रं लावायला लागले. १९६३ मध्ये त्यांनी आणि पत्नी खोर्शेदबाईंनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी काढली, ती २००७ मध्ये इथे हलली. मुंबईतल्या आधुनिक चित्रांच्या बाजाराची एक मुळी फ्रेमच्या दुकानात आहे हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलंय की मुलगा हल्ली आत निघून जातो.

जेवण काळा घोड्यालाच ‘चेतना’त थाळी घेऊन करा, पण मग दोन तास डोळे मिटणार हे धरून चाला. दुपारनंतर पाय आणि पैसे दोन्ही शिल्लक असतील तर हुतात्मा चौकातून मेट्रो ३ने महालक्ष्मीला जा आणि जत्रेत दोन तास काढा. एक फेरी पाट्या न वाचता मारायची, मग जी तीन-चार चित्रं आठवतात त्यांच्याकडेच परत जायचं. परतताना महालक्ष्मी स्टेशनवरून स्लो लोकल धरा, दादर तिसरं. तिथून तुमची बदलापूर.

मी जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पहिल्या वर्षाला आहे. कुलाब्यातल्या गॅलऱ्यांना काचेची बंद दारं असतात, बेल वाजवावी लागते. काही घ्यायचं नसताना जावं का? एकदा दारातून परत आलो. (डोंबिवली)

बाळा, आधी माझी गोष्ट ऐक. कुलाब्यातल्या एका गॅलरीत मी वर्षानुवर्षं फ्रेम केलेली चित्रं पोचवायची. जाळीची लिफ्ट, ब्राऊन पेपरात बांधलेले गठ्ठे, चलनावर सही, परत. भिंतीकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. एका वर्षी ठरवलं, आपण बांधलेली चित्रं लागल्यावर कशी दिसतात ते बघायचं. चांगलं पातळ नेसून गेले. वॉचमन म्हणाला, “मावशी, डिलिव्हरी मागच्या जिन्याने.” आतली मुलगी चलनबुक घेऊन आली. मी म्हटलं, “नाही गं, आज बघायला आलेय.” तिचा चेहरा असा झाला की मलाच तिची दया आली. मग तिनेच कागद दिला, पाणी दिलं आणि मी तासभर बसले. माझ्या एका फ्रेमचा कोपरा केसभर उघडलेला होता, तो फक्त मला दिसत होता.

तर बेल वाजवायची. एसी बाहेर जाऊ नये आणि चित्राला कोणी ओरखडा काढू नये म्हणून दार बंद असतं, तुला बाहेर ठेवायला नव्हे. कोणी “काय हवंय?” म्हणून विचारत नाही. विचारलंच तर “प्रदर्शन बघायला आलोय” हे पुरेसं. आत टेबलावर एक कागद असतो, त्यावर चित्रकाराबद्दल लिहिलेलं असतं. किमतीची यादी वेगळी, मागितली की दाखवतात. मागायला लाजू नकोस, तुला पुढे याच बाजारात उभं राहायचंय. चित्राशेजारी लाल ठिपका म्हणजे ते विकलं गेलंय. पाठीवरची सॅक पोटाशी घे, वळताना तीच लागते.

जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, २०१२ पासून चालू आहे. तेव्हा अनेक गॅलऱ्या वेळ वाढवून उघड्या ठेवतात आणि चित्रकारांशी गप्पाही असतात. मित्रांना घेऊन जा. चौघं मिळून बेल वाजवली की धीर येतो.

सुनेने आर्ट मुंबईचं तिकीट काढलंय. मी निवृत्त माणूस, मला देवळं, गड, पोर्ट्रेट समजतं. नुसते रंगाचे थर बघून काय करायचं? तिला नाही म्हणवत नाही. (सांगली)

जा, आणि समजून घ्यायला जाऊ नका. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे माहीत असतील. नागपूरला १९२४ मध्ये जन्म, वाढले आमच्या गिरगावातल्या चाळीत, शिकले जे.जे.त. २०२५च्या सप्टेंबरात लिलावात त्यांचं एक चित्र ६७ कोटींवर गेलं आणि आठवडाभर दुकानात दुसरा विषय नव्हता. “यात आहे काय?” असं तुमच्यासारखंच सगळे विचारत होते.

गायतोंड्यांचं किंवा तशा जातीचं चित्र दिसलं तर समोर उभे राहू नका. भिंतीच्या बाजूला सरका आणि तिरपं बघा. ते रोलरने, पॅलेट नाइफने रंग चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. बाजूने बघितलं की खालचा थर वरून डोकावतो, जुन्या घराच्या भिंतीचे पापुद्रे निघाले की आजोबांच्या वेळचा निळा दिसतो तसा. मग कडेला जा. चित्रकाराने कॅनव्हास कडेवरून वळवताना रंग कुठे थांबवलाय ते बघा. माणूस किती सावकाश काम करणारा होता ते तिथे कळतं. एवढं करूनही काही वाटलं नाही तर पुढे चला, सगळंच आवडायला पाहिजे असं नाही. मला स्वतःला निऑनच्या नळ्यांची अक्षरं अजून आवडलेली नाहीत.

आणि माणसं, रस्ते, लोकल बघायचे असतील तर सुनेला सांगा, सुधीर पटवर्धनांचं काही लागलंय का शोध. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून वर्षानुवर्षं एक्स-रे बघितलेला हा माणूस. त्यांच्या चित्रातला पुलाखालचा माणूस तुम्हाला कुठेतरी भेटलेला असतो.

सहा वर्षांची मुलगी सोबत असेल तर? (मुलुंड)

जत्रेत नेऊ नका, रडेल. जहांगीरजवळचा काळा घोडा दाखवा, २०१७ मध्ये बसवलेला, पाठीवर कोणी नसलेला. तिला विचारा, वरचा माणूस कुठे गेला? मग भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात न्या. मूळचा घोडा वरच्या राजासकट १९६५ पासून तिथे आवारात आहे. घारापुरीचा दगडी हत्तीही तिथेच. आत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत आणि जुन्या मांडणीतच मधूनमधून आजच्या कलाकारांची कामं ठेवतात. मुलं ती आपल्याआधी शोधतात. बुधवारी बंद. शेजारी राणीचा बाग आहेच.

पंधरा-वीस हजारांत खरं चित्र घेता येतं का? घरात लावायला काही तरी अस्सल हवंय. (पुणे)

येतं. तैलरंगातल्या मोठ्या नावाच्या मागे लागू नका, कागदाकडे वळा. एचिंग, लिनोकट, वुडकट, सेरिग्राफ, म्हणजे धातूचा पत्रा, लिनोलियम, लाकूड किंवा जाळीच्या पडद्यावर चित्र करून त्यावरून हाताने काढलेले मोजके छाप. खाली पेन्सिलीने डावीकडे ७/२५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंचवीस प्रतींतली सातवी. उजवीकडे चित्रकाराची सही. प्रसिद्ध चित्राचा कॅनव्हासवर मशीनने काढलेला प्रिंट नंबर घालून विकतात तो यात मोजू नका. छान दिसतो, पण ती छपाई. जहांगीरमध्ये आणि बाहेर फुटपाथवर तरुण मुलांची मूळ कामं या पैशांत मिळतात, घासाघीस मात्र बेताने करा.

आता फ्रेमचं. वीसेक वर्षांपूर्वी एक गृहस्थ असंच एचिंग घेऊन आले. मी मागून चार पट्ट्या सेलोटेप लावली, साधा हार्डबोर्ड, वर काच, झालं. सात-आठ पावसाळ्यांनी ते परत आले. चित्राच्या वरच्या कडेला चहा सांडल्यासारखी तपकिरी पट्टी आली होती, बरोब्बर टेपच्या रुंदीची. त्यांनी पैसे परत घेतले नाहीत, नवी फ्रेम करा म्हणाले. मी माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, थोडा पुढे आणून डाग झाकला. झाकला, गेला नाही.

तेव्हा दुकानात स्पष्ट सांगा, ॲसिड-फ्री माउंट आणि बॅकिंग म्हणजे मागचा पुठ्ठा, चित्राला सेलोटेप नको, काच चित्राला टेकायला नको. बाथरूमच्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवून घ्या, भिंत आणि फ्रेममध्ये बोटभर वारा खेळला पाहिजे. गणपती झाले की एकदा उतरवून मागची बाजू बघायची. कागद फुगलेला दिसला तर घरी उघडू नका, तशीच दुकानात घेऊन या.