उसनं वाक्य, घरची गिरणी

प्रश्न : मी 54 वर्षांची, कराडजवळच्या एका गावात राहते. वडिलांची पिठाची गिरणी होती, ती सात वर्षांपूर्वी बंद झाली. ललित लेख लिहावेत अशी फार इच्छा आहे. गेली तीन वर्षं वाचनालयातून दुर्गाबाई भागवत, इरावतीबाई कर्वे, श्रीनिवास कुलकर्णी असं आणून वाचते. आवडलेली वाक्यं वहीत उतरवते, चारशेच्या वर झालीत. पण स्वतः लिहायला बसले की तीच वाक्यं हातातून उतरतात. ‘गिरणी’ हा लेख दोन मासिकांनी परत केला. एका संपादकांनी लिहिलं, ‘भाषा छान आहे, पण तुम्ही यात कुठे दिसत नाही.’ मैत्रीण म्हणते, दुसऱ्यांचं वाचणं थांबव म्हणजे तुझं तुला सापडेल. थांबवू का? आणि वाचायचं, तर कसं? लेख सोबत जोडला आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, वाचणं थांबवू नका. थांबवायची आहे ती वाक्यांची वही. वाक्य चांगलं ठरतं ते त्याच्या आधी काय येऊन गेलं त्यावर. आधीची दोन पानं मागे ठेवून तुम्ही एकटं वाक्य घरी आणलंत, तर त्याची चमक येते आणि कारण तिकडेच राहतं. मग ती चमक लेखात ठेवायला जागा शोधावी लागते. तुमच्या ‘गिरणी’च्या पहिल्या पानावर तसंच झालंय. ‘काळाच्या अथांग डोहावर स्मृतींची पानं तरंगत येतात’ हे वाक्य ज्यांच्या घरी कधीच गिरणी नव्हती तेही लिहू शकतील.

वाचायचं कसं, हे मला माझ्या नोकरीनं शिकवलं. 1979 साली मी पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले. तेव्हा खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून छपाई व्हायची. प्रुफं तपासायला दोघी बसायचो. एकीनं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं ओल्या प्रुफावर बोट ठेवून मिळवायचं. वाचताना विरामचिन्हंसुद्धा तोंडानं म्हणायची. ‘ती दारात उभी होती पूर्ण. अवतरण सुरू आलात स्वल्प या अवतरण बंद. नवा परिच्छेद.’ दिवसभर हेच. पहिले दोन महिने अर्थ कानात शिरतच नसे. पुढे हळूहळू लक्षात यायला लागलं की कुठला लेखक कुठे श्वास घेतो, कोणाला स्वल्पविरामाशिवाय चालत नाही, कोण बोलणं आलं की लगेच परिच्छेद मोडतो. लेख बांधलेला असतो ही गोष्ट मला तिथे पहिल्यांदा दिसली. तोवर तो ‘सुचतो’ एवढंच ठाऊक होतं.

त्याच छापखान्यात मी आणखी एक गोष्ट शिकले, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते तिच्यात आहे. आमचा एक जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, साताऱ्याकडचा होता. तिकडे ओसरीला सोपा म्हणतात. कामाला चोख. पण हस्तलिखितात ‘ओसरी’ असली की त्याच्याकडून हमखास ‘सोपा’ जुळला जायचा. वाक्य एकदा वाचून तो डोक्यात ठेवायचा आणि हात खिळ्यांच्या घरांवरून फिरेपर्यंत डोक्यातला शब्द बदललेला असायचा. मी दर वेळी लाल शाईनं ते दुरुस्त करायचे. खूप नंतर कळलं की त्या चुकीत त्याचं घर होतं.

तेव्हा, एक आवडता लेख घ्या आणि पूर्ण उतरवून काढा. फोटो काढू नका, टाईप करू नका. हातानं, शाईनं, विरामचिन्हांसकट. एक अख्खं वाक्य वाचायचं, पुस्तक पालथं घालायचं, लिहायचं. मग मूळ लेखाशी मिळवायचं आणि जिथे फरक पडलाय तिथे लाल खूण करायची. या खुणा म्हणजे तुम्ही आहात. संपादकांना लेखात दिसल्या नाहीत त्या तुम्ही.

मी पहिल्यांदा उतरवला तो इरावतीबाईंचा ‘परिपूर्ती’. याच नावाच्या 1949 च्या संग्रहातला. लेख चार-पाच पानांचाच आहे. उतरवून झाल्यावर मिळवायला बसले तर माझ्याकडून नऊ ठिकाणी ‘अगदी’ आणि तीन ठिकाणी ‘हळुवारपणे’ जास्तीचं पडलं होतं. बाईंच्या मजकुरात ते नव्हतं. माझ्या हातानं घातलं होतं. त्यांना जिथे सांगून पुढे जायचं होतं तिथे मला रेंगाळायचं होतं. मला फार लाज वाटली, पण त्या दिवसापासून लिहिताना हात ‘हळुवारपणे’वर जायला लागला की मला कळतं.

आता तोच लेख पेन्सिल घेऊन पाहू. तुम्ही वाचलाय, तरी थोडक्यात सांगते. एका सभेत लेखिकेची ओळख करून दिली जाते. अमक्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची सून, प्राचार्य कर्व्यांची पत्नी. सगळं खरं आहे, मानाचं आहे, पण काहीतरी राहून गेलं असं त्यांना वाटत राहतं. मग त्या रस्त्यानं चालल्या असताना काही शाळकरी मुलं दिसतात आणि त्यातला एक जण दुसऱ्याला सांगतो की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. राहिलेलं मिळतं. लेख संपतो.

समासात प्रत्येक परिच्छेदापुढे त्याचं काम लिहा. भावना लिहू नका, काम लिहा: ‘ओळख देतो’, ‘खटकतं ते सांगतो, कारण सांगत नाही’, ‘रस्त्यावर आणतो’. मग मोजा. लेखाचं सारं मोल ज्या प्रसंगावर आहे त्याला जागा किती दिलीय? ओळी मोजल्यात तर चकित व्हाल. मोठमोठ्या नात्यांना ऐसपैस जागा मिळाली आहे, आणि ज्यासाठी लेख लिहिला ते एका पोराच्या कुजबुजीत आटोपलं आहे. ती नाती आधी तितक्या विस्तारानं आली नसती तर त्या कुजबुजीला वजन आलं नसतं. आणखी एक पाहा. ‘मी आई आहे, हीच माझी खरी ओळख’ असं सांगायचं काम बाईंनी स्वतःच्या तोंडी घेतलेलं नाही. त्यांना नाव-गावही धड माहीत नसलेल्या मुलाकडे ते सोपवलं आहे. याचा उपयोग तुम्हाला पुढे होणार आहे.

मध्येच नाशिकच्या एका वाचकांचा याच धर्तीचा प्रश्न घेते. ते विचारतात, ‘असं चिरफाड करत वाचलं तर आनंद जात नाही का?’ पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ नका, मग जात नाही. मी पेन्सिल तिसऱ्या वाचनाला उचलते.

ताई, मैत्रिणीची भीती मात्र निराधार नाही. आपल्या भाषेत हे घडून गेलंय. 1926 च्या सुमाराला ना. सी. फडक्यांनी ‘रत्नाकर’ मासिकात गुजगोष्टी लिहायला घेतल्या. छोटासा विषय, मित्राशी बोलावं तसा सूर, हलकी कलाटणी. लोकांना ते इतकं आवडलं की पुढची दहा-पंधरा वर्षं मासिकांतून लघुनिबंधांचं पीक आलं. खांडेकर, काणेकर यांनी त्यात आपापला रंग आणला. पण बाकीच्या कितीतरी जणांनी फडक्यांचा सूर तेवढा उचलला. विषय छोटा हवा म्हणून छोटा घ्यायचा, कलाटणी हवी म्हणून द्यायची. साचा झाला आणि वाचक कंटाळले.

त्यातून वाट निघाली ती कोणामुळे, हे पाहण्यासारखं आहे. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या, मापनाची साधनं घेऊन गावोगाव हिंडलेल्या. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक. 1956 चं ‘ऋतुचक्र’ उघडा. झाडं, पाखरं, सण, समजुती यांची माहिती त्यात नुसती शोभेला आलेली नाही. त्यांनी ती वर्षानुवर्षं पाहून, वाचून, टिपून ठेवलेली आहे. ‘पैस’मध्ये त्या नेवाशाच्या खांबासमोर, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात त्या खांबासमोर, उभ्या राहतात, तेव्हा त्यांच्या मागे ज्ञानेश्वरी आणि लोकपरंपरा दोन्ही असतात. ‘वाटचाल’मध्ये इरावतीबाई वारीबरोबर चालतात, तेव्हा भक्तीनं भारावतात आणि त्याच वेळी दिंडीत जेवताना जाती वेगळ्या बसतात हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. समाज पाहायची सवय असलेल्या बाईचा तो डोळा आहे. या दोघींचं लालित्य त्यांच्या कामातून आलंय. आपण त्यांची भाषा उचलतो आणि काम तिथेच ठेवतो. म्हणून ती भाषा आपल्याकडे येऊन पोकळ वाजते.

तुमच्याकडे काम आहे. तुम्ही गिरणीत वाढलात. दुर्गाबाईंना कदंब जितका ठाऊक होता तितकी तुम्हाला गिरणी ठाऊक असणार. आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही, तुमच्या लेखाच्या तिसऱ्या पानावर पुरावा आहे. तिथे तुम्ही लिहिलंय :

‘दुपारी वडील जेवायला आले की आई आधी पदरानं त्यांच्या भुवया पुसायची, मग ताट वाढायची.’

हे मी चार वेळा वाचलं. भुवयांवरचं पीठ. हात-पाय ते स्वतः धुवत असतील, पण भुवया राहत असणार, कारण आरशाशिवाय आपल्याला आपल्या भुवया दिसत नाहीत. नवराबायकोमधलं प्रेम तुम्ही एका पदराच्या टोकात दाखवलंत, आणि ‘प्रेम’ हा शब्द वापरला नाहीत. पण पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिलंत, ‘किती मूक, किती निर्व्याज असतं ना हे नातं!’ ती ओळ काढा. ती तुमच्या वहीतून आलीये.

त्याच पानावर बायका दळण ठेवताना म्हणतात ते आहे, ‘ज्वारीवर घालू नका हं आमचा गहू, गव्हावरच घाला.’ आधीच्या दळणाचं उरलेलं पीठ पुढच्या दळणात उतरतं, म्हणून हा आग्रह. यातून डब्यांची रांग कशी लागत असेल? गव्हावाल्या पाच बायका थांबल्यात आणि मध्येच बाजरीचा एक डबा, तर तुमचे वडील काय करायचे? त्या बाजरीवालीला किती वेळ बसावं लागायचं? ती नेहमी तीच असायची का? मला हे वाचायचं होतं, आणि लेखात त्याऐवजी ‘जीवनाचं जातं अविरत फिरत राहतं’ असं आलं.

आता करायचं काय ते सांगते. दुर्गाबाई सध्या बाजूला ठेवा. त्यांच्या वाक्याचा ओघ इतका भारी आहे की त्यात कोणीही वाहून जाईल, मीही गेले होते. विशीत आजोळच्या वाड्यावर एक लेख लिहिला होता, तो परत आला. संपादकांनी तीन शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती, तिन्ही ‘ऋतुचक्रा’तले. तुम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. ते आत्मचरित्र आहे, ललित लेख नाही, पण तुम्हाला आत्ता तेच लागेल. सुरुवातीला वडिलांच्या सोवळ्यानं घरादाराला किती जाच झाला ते येतं, तिथली सलग तीन पानं उतरवून काढा. एवढा जाच सांगताना त्या कुठेही गळा काढत नाहीत, वडिलांना दोषी ठरवत बसत नाहीत. काय घडायचं ते सांगतात, बोलल्यासारखं. त्यानंतर अनिल अवचटांचा ‘स्वतःविषयी’मधला कुठलाही एक लेख. त्यांची वाक्यं आखूड असतात. तुमची लांब आहेत. उतरवताना तुम्ही त्यांची दोन वाक्यं कुठे जोडून टाकता ते लाल शाईत दिसेल. तिथे तुमचा खरा श्वास आहे. तो लांब असला तर असू द्या, फक्त तुमचा असू द्या.

आणि जिथे तुमच्या हातून कराडकडचा शब्द उमटला असेल, ती चूक खोडू नका. वेगळ्या पानावर लिहून ठेवा. चारशे वाक्यांच्या वहीपेक्षा त्या पानाची किंमत जास्त आहे.

या दोन्ही उतरवण्या झाल्या की आठ दिवस काहीही वाचू नका. मग ‘गिरणी’ पुन्हा लिहा, जुना मजकूर समोर न ठेवता. सुरुवात भुवयांपासून करा. काळाचा डोह, जीवनाचं जातं, प्राजक्त हे कुठलंच येऊ देऊ नका. गिरणी बंद पडली तो दिवस शेवटी आणायचा मोह होईल. आणा, पण ‘परिपूर्ती’तलं ते शाळकरी पोर आठवा. गिरणी बंद झाल्याचं दुःख तुम्ही सांगायचं नाही. ते कोणाच्या तोंडून येईल? आता गावात निम्म्या घरांत घरघंटी आली असेल. एखादीनं कधी तुम्हाला म्हटलं असेल का, ‘घरघंटीचं पीठ बारीक येतं गं, पण भाकरीला तसं चिकट होत नाही’? म्हटलं असेल तर तिला बोलू द्या. नसेल म्हटलं तर गढून घालू नका. ललित लेखात खोटं घातलं की आजूबाजूची खरी वाक्यंही संशयात येतात. दुसरं कोणी काही म्हटलेलं आठवेल.

एक गोष्ट मात्र तुमच्या सहा पानांत कुठेच नाही, आणि ती मला सारखी शोधावीशी वाटली. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की दळण नीट उतरत नाही, त्यांना टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खरखरीत करावं लागतं. लहानपणी आमच्या गल्लीतल्या गिरणीत हे काम चालायचं, तेव्हा पट्टा बंद असायचा आणि भर दुपारी नुसता छिन्नी-हातोडीचा टकटक आवाज यायचा. रोजच्या घरघरीपेक्षा तो आवाज मला जास्त लक्षात आहे. तुमच्याकडे टाकी कोण लावायचं? बाहेरून माणूस यायचा की वडील स्वतः बसायचे? त्या दिवशी गिऱ्हाइकांना परत पाठवायचं काम कोणाकडे होतं, तुमच्याकडे? आणि दगड विकले गेले तरी ती छिन्नी घरात कुठेतरी असेल. लेख पुन्हा पाठवाल तेव्हा ती कुठे सापडली ते आधी कळवा.