बी.एस्सी. केमिस्ट्रीला असताना भूशास्त्र आणि इतिहासही आवडत असेल, तर संशोधनाची दिशा कशी ठरवावी?

मी पुण्यात तिसऱ्या वर्षाला आहे. 'आधी एक विषय धर' हे मीही घरी-दारी ऐकलंय. माझं काय झालं ते सांगतो.

भूशास्त्राला असलेला एक मित्र वाघोलीच्या खाणीतला दगड घेऊन खोलीवर आला. स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर नखाएवढी गर्द निळी गुंडी. कॅव्हन्साइट! नावातच कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट. वर्गात तेव्हा संक्रमण मूलद्रव्यांचे (लोह, तांबं, व्हॅनेडियम असे धातू) रंग चालू होते. +४ व्हॅनेडियम निळा, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. तेच बेसाल्टच्या पोकळीत बसलेलं बघितलं आणि डोक्यातून जाईना.

मग निळ्याच्या मागेच लागलो. अजिंठ्याच्या चित्रांतला निळा म्हणजे लॅपिस लाझुली, थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. त्यातला धातू शोधायला बसलो, तर रंगाचा धातूशी संबंधच नाही. गंधकाचे तीन अणू मिळून झालेला ऋणभारित मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला कण), ॲल्युमिनियम-सिलिकॉन-ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात अडकलेला. अजिंठ्याच्या हिरव्यातलं सेलाडोनाइट हे खनिज मात्र आपल्याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत मिळतं. व्यापार, खडक, चित्रं, सगळं एका 'का'मधून निघालं.

प्राध्यापकांना 'आपल्या विषयात रस आहे' अशा सात मेल केल्या, एकालाही उत्तर नाही. आठव्या मेलमध्ये दगडाचा फोटो आणि एक नेमका प्रश्न टाकला, दोन महिन्यांचं काम मिळालं. (देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्तीला बी.एस्सी.वाल्यांनाही अर्ज करता येतो, तोही भरा.)

जुलैत तिथे पहिलाच आयआर (अवरक्त किरणांचा वर्णपट, त्यावरून पदार्थातले बंध कळतात) काढला. झिओलाइट (स्टिल्बाइटसारखं, पाणी धरून ठेवणारं खनिज) केबीआरमध्ये, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये, घोटून गोळी केली. ३४०० सेमी⁻¹ पाशी, जिथे पाणी दिसतं, झकास रुंद पट्टा. 'स्फटिकातलं पाणी' असं वहीत लाल पेनानं लिहिलं. प्रयोगशाळेतले काका म्हणाले, "नुसत्या केबीआरची गोळी करून बघ की." केली. पट्टा तिथेही! केबीआरनं पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतलं होतं. सगळं ओव्हनमध्ये सुकवून परत केलं, आठवडा गेला.

तेव्हापासून वाचतो काहीही, पण हात आयआर आणि एक्सआरडीवरच (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखणं) बसवतोय. भूशास्त्रवाले मला त्यासाठीच बोलावतात, इतिहासाच्या गप्पांसाठी नाही. तुम्हाला कुठला प्रश्न झोपू देत नाही ते खाली लिहा, कुठलं उपकरण लागेल ते सुचवतो.